हँग झालेलं मशीन आणि त्यापुढची रांग



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला होते, ते शाळा सुटल्यावर ओट्यावर बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे, असं मला इथल्या, देवगाव रंगारीतल्या जुन्या माणसांनी सांगितलं. वारसाची नोंद, विहिरीचा अर्ज, निराधाराचं प्रकरण. कागद आणि पेन जवळ असलं की काम होत असे. आज तोच अर्ज संगणकातून जातो. लिहिणाऱ्याचा हात चालू असला तरी मशीन थांबलं की अर्ज थांबतो, आणि अर्जामागचा माणूसही ताटकळतो. म्हणून मी आज हा विषय घेतला: जुना, मंद झालेला संगणक, त्यात मध्येच गोठून बसणारे प्रोग्रॅम, आणि अशा वेळी काय करायचं. अशा व्यासपीठावर हा विषय कुणाला किरकोळ वाटेल. मला तो तसा वाटत नाही. थांबलेल्या मशीनचा दोष आपल्याकडे हमखास त्याच्यासमोर बसलेल्या माणसाच्या माथी मारला जातो, आणि मशीन का थांबलं हे त्याला सांगता येत नाही म्हणून तो दोष मुकाट्याने सोसतो. कारण सांगता आलं पाहिजे, एवढ्यासाठी आज आलो आहे.

२०२३ चा खरीप आठवा. राज्य सरकारने त्या वर्षी एक रुपयात पीक विमा आणला. दीड कोटीहून जास्त अर्ज आले. मुदत ३१ जुलैची होती, ती ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. कन्नड, वैजापूर, गंगापूर, खुलताबाद, कुठल्याही तालुक्यातलं सेवा केंद्र घ्या, त्या शेवटच्या आठवड्यात चित्र सारखंच होतं. बाहेर रांग, प्रत्येकाच्या हातात सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक आणि पीकपेऱ्याचं स्वयंघोषणापत्र. आत एक तरुण केंद्रचालक आणि त्याच्यापुढे बरंच वय झालेलं मशीन. शेतकऱ्याकडून एक रुपयाच घ्यायचा. केंद्रचालकाला अर्जामागे ४० रुपये विमा कंपनीकडून मिळायचे. म्हणजे मशीन अडकलं की रांगेतल्याची रोजी बुडते आणि केंद्रवाल्याचीही. तरीही रांगेत कुजबुज सुरू होतेच. ओळखीच्यांचे फॉर्म आधी भरतोय. मुद्दाम लटकवतोय. आमच्या वेळेसच बरं बंद पडतं! २०१७ च्या कर्जमाफीचे ऑनलाइन अर्ज भरतानाही हेच झालं होतं. तेव्हा १५ सप्टेंबरची मुदत २२ सप्टेंबरवर गेली. मुदतवाढ मिळते, पण रांगेत आणि केंद्रात जो अविश्वास शिरतो त्याची भरपाई कुणी करत नाही.

तेव्हा मशीन अडलं म्हणजे नेमकं काय अडलं, हे आधी ओळखू या. पहिली तपासणी अगदी सोपी आहे. कीबोर्डवरचं नम लॉक दाबा. त्याचा दिवा लागतो-विझतो का बघा. तो दिवा कीबोर्ड स्वतःहून लावत नाही; संगणकाची मुख्य यंत्रणा सांगते तेव्हा तो लागतो. दिवा हलला तर मशीन आतून जागं आहे, एखादाच प्रोग्रॅम बसलाय. दिवा अजिबात हलत नसेल, माउसचा बाणही खिळलेला असेल, तर प्रकरण खोलवरचं आहे. आणि बाण फिरतोय, नोटपॅड पटकन उघडतंय, फक्त ब्राउझरमधलं गोल चक्र फिरतंय, असं असेल तर आपलं मशीन ठणठणीत आहे. पलीकडचा सर्व्हर किंवा मधलं नेट रखडलंय. अशा वेळी मशीन बंद-चालू करणं म्हणजे हातचं घालवणं. पुन्हा लॉगिन, पुन्हा ओटीपी, पुन्हा अंगठा, आणि रांगेत मागचा नंबर. रात्री साइट मोकळी असते म्हणून तलाठी आणि केंद्रचालक जागून काम उरकतात, ते याच तिसऱ्या कारणासाठी. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे, आणि ती झाली की रांगेला खरं उत्तर देता येतं: माझं मशीन चालू आहे, साइट रखडलीय, हे बघा.

आता प्रोग्रॅम बसतो कसा, त्याकडे वळू. इथे थोडा वेळ घेतो, कारण बाकी सगळं याच्यावर उभं आहे.

संगणकात रॅम असते आणि हार्ड डिस्क असते. रॅम म्हणजे तलाठ्याचं टेबल समजा आणि हार्ड डिस्क म्हणजे कन्नडच्या तहसीलमधली दप्तराची खोली. काम टेबलावरच होतं. टेबलावर चारच वह्या मावत असतील आणि पाचवी लागली, तर एक उचलून कन्नडला पाठवायची आणि हवी ती मागवायची. काम अडत नाही, फक्त उशीर होतो. संगणकात ही युक्ती पहिल्यांदा १९६२ साली इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या ॲटलास संगणकात आली, आणि आज प्रत्येक मशीनमध्ये आहे. तिच्यामुळेच २ जीबी रॅमच्या मशीनवर ३ जीबीचं काम उघडता येतं.

पण हेलपाट्याची किंमत किती? रॅममधून माहिती उचलायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून तीच उचलायला १० मिलिसेकंदांच्या पुढे. फरक एक लाखपटीचा. रॅमचं काम एका सेकंदात होतं असं धरलं, तर डिस्कचं काम एक दिवस आणि वर जवळजवळ चार तास घेईल. लॅपटॉपमधली जुनी डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे मारते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवी ती जागा काट्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, आणि काटा योग्य पट्टीवर सरकायला त्याहून जास्त वेळ. सगळं मिळून सेकंदाला साठ-सत्तर ठिकाणचंच वाचून होतं. विंडोज मेमरीचे तुकडे ४ किलोबाइटचे करते. बाजूला ठेवलेला १०० एमबीचा ब्राउझर परत टेबलावर आणायचा म्हणजे पंचवीस हजारांवर तुकडे. ते डिस्कभर विखुरलेले असतील आणि एकेक करून आणायचे ठरले, तर सहा मिनिटं. प्रत्यक्षात विंडोज शेजारशेजारचे तुकडे एकदम उचलते म्हणून वेळ वाचतो, पण मिनिट-दोन मिनिटं स्क्रीन पांढरी पडून राहते ती यामुळे. त्या वेळी कॅबिनेटवरचा छोटा दिवा बघा. तो सारखा लुकलुकत असेल तर मशीन मेलेलं नाही, ते घाम गाळतंय.

आणि टेबलावर पाच-सहा वह्या एकदम लागायला लागल्या की? आलेली वही उघडायच्या आत ती परत पाठवायची वेळ येते, कारण दुसऱ्या प्रोग्रॅमला आपली वही हवी असते. दिवस सगळा ने-आणीत जातो, नोंद एकही होत नाही. पीटर डेनिंग या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६८ साली या प्रकाराचा अभ्यास मांडला. त्याला थ्रॅशिंग म्हणतात. त्या अभ्यासात एक गोष्ट दाखवली आहे ती जुन्या मशीनवाल्याने मनावर कोरून ठेवावी. मशीन हळूहळू मंद होत नाही. एका मर्यादेपर्यंत ते बऱ्यापैकी चालतं, आणि ती मर्यादा ओलांडली की एकदम कोसळतं. “सकाळी तर नीट चालत होतं” ही तक्रार म्हणूनच खरी असते. सकाळी मर्यादेच्या आत होतं. दुपारी आणखी एक टॅब उघडला आणि तोल गेला. याची उलट बाजू जास्त कामाची आहे: एखादाच भार उतरवला तरी मशीन तितक्याच झटकन परत चालायला लागतं.

मी हे डोळ्यांनी पाहिलंय. या भागातल्या एका केंद्रात, विम्याच्या गर्दीच्याच दिवसांत, केंद्रचालकाशेजारी खुर्ची टाकून बसलो होतो. रांगेत पुढे एक आजी होत्या. दीड एकर मका, थोडी कपाशी. अंगठा लावून झाला, आणि पुढचं पान यायच्या आत स्क्रीन पांढरी झाली. वर लिहून आलं: नॉट रिस्पॉन्डिंग. आजी म्हणाल्या, “लेकरा, व्हतंय का न्हाई? घरी म्हस वाट बघतीया.” पोराचा हात पॉवरच्या बटणाकडे गेला. मी म्हटलं, थांब जरा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाब. टास्क मॅनेजर उघडायलाच बराच वेळ लागला. उघडला तेव्हा डिस्कच्या रकान्यात १०० टक्के. मेमरीच्या रकान्याच्या डोक्यावर क्लिक करून सगळ्यात जास्त खाणारा वर आणला. ब्राउझर वर असणार हे धरलेलंच होतं. पण त्याच्याखाली पासपोर्ट फोटो छापायचा प्रोग्रॅम होता, सकाळी एका गिऱ्हाइकासाठी उघडलेला आणि तसाच खाली दडवून ठेवलेला. त्याखाली स्कॅनरचा सोबती, जो मशीन चालू झाल्याबरोबर आपोआप सुरू होतो. फोटोचा प्रोग्रॅम निवडून एंड टास्क केलं. मग स्कॅनरचा. डिस्कचा आकडा खाली यायला लागला, १०० वरून ७०, मग ३०. पांढरी स्क्रीन भरली, आणि आजींचं पान जिथे होतं तिथूनच पुढे गेलं. ब्राउझरला हात लावावाच लागला नाही. पावती निघाली. पोरगा मला म्हणाला, “सर, मी दर वेळेस ब्राउझरच बंद करत होतो.” त्याची काय चूक? फळ्यावर नॉट रिस्पॉन्डिंग ज्याच्या नावापुढे लिहिलेलं, त्यालाच कुणीही बंद करणार. पण बसलेला एक असतो आणि त्याची जागा अडवणारा दुसराच असतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

ही नॉट रिस्पॉन्डिंगची पाटी विंडोज केव्हा लावते, तेही सांगतो. तुम्ही माउस क्लिक केला, बटण दाबलं की विंडोज तो निरोप त्या प्रोग्रॅमच्या रांगेत टाकते. प्रोग्रॅमने पाच सेकंद रांगेतला एकही निरोप उचलला नाही, की विंडोज त्याच्या खिडकीच्या जागी तिचं फिकट चित्र ठेवते आणि वर पाटी लावते. म्हणजे पाटीचा अर्थ एवढाच: पाच सेकंद उत्तर आलं नाही. प्रोग्रॅम मेला, असा त्याचा अर्थ नाही. आणि ती पाटी लागण्याआधी आपण चिडून जे पाच-सहा क्लिक मारतो, ते वाया जात नाहीत. ते रांगेत बसून राहतात आणि प्रोग्रॅम जागा झाला की एकामागून एक अमलात येतात. पैसे भरण्याचं बटण त्या जागी असेल तर काय होऊ शकतं, हे या सभागृहात काहींनी सोसलेलं असेल. मशीन अडलं की पहिली गोष्ट, माउसवरून हात काढा.

किती वेळ थांबायचं, असा प्रश्न मला प्रत्येक प्रशिक्षणात येतो. याला छापील उत्तर नाही, आणि नसण्याचं कारण फार जुनं आहे. ॲलन ट्यूरिंग या गणितज्ञाने १९३६ साली, आजचे संगणक बनायच्या आधीच, सिद्ध करून ठेवलं की कुठलाही प्रोग्रॅम कधी ना कधी संपेल की अनंतकाळ फिरत राहील, हे प्रत्येक बाबतीत अचूक सांगणारी एकच सर्वसाधारण रीत असूच शकत नाही. म्हणून विंडोज निकाल न देता तुम्हालाच विचारते: थांबता, की बंद करू? निर्णय माणसाचा आहे. माणसाने तो पुरावा बघून घ्यावा. डिस्कचा दिवा लुकलुकतोय, टास्क मॅनेजरमधले आकडे हलताहेत, तर दोन-तीन मिनिटं द्या. डिस्क शांत आहे आणि प्रोसेसरचा एक हिस्सा त्याच प्रोग्रॅमवर एकसारखा जळतोय, तर तो कोलूच्या फेऱ्यात अडकलाय, खुशाल संपवा. डिस्क शांत, प्रोसेसरही शांत, तरी प्रोग्रॅम गप्प, तर तो कुणाची तरी वाट बघतोय, बहुतेक वेळा प्रिंटरची किंवा नेटची. प्रिंटरची केबल निघालेली असणं, रांगेत जुनी प्रिंट अडकलेली असणं, यापायी किती चांगले प्रोग्रॅम बदनाम झालेत याला गणती नाही.

कंट्रोल, ऑल्ट, डिलीट या तीन बटणांबद्दल दोन शब्द. आयबीएमच्या पहिल्या पीसीवर काम करणाऱ्या डेव्हिड ब्रॅडली यांनी ही जुळणी बसवली. तो पीसी १९८१ साली आला. एका हाताने चुकून दाबली जाऊ नयेत अशी लांबलांबची बटणं त्यांनी मुद्दाम निवडली, आणि तेव्हा ती दाबली की मशीन सरळ नव्याने सुरू व्हायचं. पुढे विंडोज एनटीपासून हा निरोप थेट मुख्य यंत्रणेकडे जायला लागला. मधला कुठलाही साधा प्रोग्रॅम तो अडवू शकत नाही. म्हणून बाकी काही ऐकत नसताना ही तीन बटणं ऐकली जातात. टास्क मॅनेजर १९९६ च्या विंडोज एनटी ४ मध्ये आला. तो लिहिणारे डेव्ह प्लमर यांनी सांगितलंय की टास्क मॅनेजर स्वतःच गोठला तर काय, याचाही विचार त्यांनी केला होता: कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप पुन्हा दाबल्यावर पहिला काही सेकंदांत जागा झाला नाही, तर नवा सुरू होतो. दुसरे सगळे बुडत असताना आपण चालायचं आहे, ही जाणीव ठेवून लिहिलेला प्रोग्रॅम. मला त्या माणसाबद्दल मनापासून आदर वाटतो.

शेवटचा उपाय पॉवरच्या बटणाचा. चार-पाच सेकंद दाबून धरलं की मशीन बंद होतं, पण त्या क्षणी डिस्कवर काही लिहिणं चालू असेल तर ते अर्धवट राहतं. विंडोजची फाइल व्यवस्था आपली यादी सांभाळून ठेवते, त्यामुळे फाइलचं नाव शाबूत राहतं. तिच्या पोटातला मजकूर शाबूत राहील याची हमी ती देत नाही. दुकानाच्या हिशेबाची फाइल अशीच जाते. मराठवाड्यात आपण लोडशेडिंगची वर्षं काढली आहेत. डीटीपीवाले दर ओळीला कंट्रोल-एस मारायला शिकले ते तेव्हापासून, आणि ती सवय आजही सोडण्यासारखी नाही. नम लॉकही मेलेलं असेल तरच त्या बटणाला हात लावा.

मशीन म्हातारं झालं म्हणून मंद झालं, असं आपण म्हणतो. प्रोसेसर वयाने मंद होत नाही. पण पंख्यात धूळ आणि कापसाची बारीक तूस बसली की आतली उष्णता बाहेर पडत नाही, आणि जळू नये म्हणून प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या खोलीतलं मशीन दुपारी हँग होतं आणि सकाळी चालतं, त्यामागे बऱ्याचदा एवढंच असतं. डिस्कवर खराब जागा तयार झाल्या की डिस्क तीच जागा पुन्हापुन्हा वाचू बघते, आणि तेवढा वेळ सगळं मशीन तिच्या तोंडाकडे बघत बसतं. दोन अँटिव्हायरस एकदम टाकलेले असतील तर दोघंही प्रत्येक फाइल तपासतात. आणि एक गंमत वाटावी असं कारण: मदरबोर्डवरचा बटणसेल, सीआर २०३२ नावाचा. तो संपला की मशीनची तारीख बरीच वर्षं मागे जाते. तारीख मागे गेली की सुरक्षित साइट उघडायला नकार देतात, कारण त्यांच्या प्रमाणपत्राची मुदत त्या तारखेला सुरूच झालेली नसते. केंद्रवाला म्हणतो नेट बंद आहे, नेटवाला म्हणतो मशीन खराब आहे, आणि नव्या मशीनचं कोटेशन येतं. नाणेभर आकाराच्या सेलपायी!

मग सगळा दोष जुन्या मशीनचाच का? मला तसं म्हणवत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा संगणक सुरू झाला, आपल्या देशात घडवलेला. त्याची मेमरी २,०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. हिशेब केला तर १० किलोबाइट. तेवढ्यात शास्त्रज्ञ गणितं सोडवत होते. आज एका साध्या अर्जाच्या पानाला ब्राउझर शेकडो एमबी घेतो. यातलं सगळं उधळपट्टीत जातं असं नाही. २००८ साली आलेल्या क्रोमपासून ब्राउझर टॅब शक्यतो वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवतात, म्हणजे एक टॅब गोठला तरी बाकीचे वाचतात. त्याची किंमत मेमरीत मोजावी लागते. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबलं की त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो, आणि कुठला टॅब किती खातो ते दिसतं. पण सजावट, सरकती चित्रं, न लागणारे तुकडे यांचं ओझं निराळं. निकलाउस विर्थ या स्विस संगणकतज्ज्ञाने १९९५ सालीच तक्रार केली होती की यंत्रं जितक्या वेगाने जलद होतात, त्याहून जास्त वेगाने सॉफ्टवेअर मंद होत चाललंय. लिहिणाऱ्याच्या टेबलावर नवं, दांडगं मशीन असतं. त्याला ओझं जाणवत नाही. ते जाणवतं इथे, देवगावात.

आणि ते ओझं कोणाच्या अंगावर पडतं, याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण आपल्या अंगणवाडी ताईंचं आहे. सरकारने त्यांना २०१९ साली मोबाईल दिले, २ जीबी रॅमचे. मार्च २०२१ पासून त्यांत पोषण ट्रॅकर हे नवं ॲप चालवायचं होतं. मुलांची वजनं, उंची, गरोदर मातांच्या नोंदी, सगळं त्यात. ॲप त्या मोबाईलला झेपेना. मोबाईल तापायचे, अडकायचे, आणि दुरुस्तीचा खर्च ताईंच्या पदरी. वजनकाट्यावर पोरगं रडतंय, आई खोळंबलीय आणि हातातला मोबाईल थिजलेला, या प्रसंगातून गेली नाही अशी सेविका विरळा. माहिती भरली नाही तर मानधनावर गदा येईल ही धास्ती वेगळीच. शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या हजारो सेविकांनी ते मोबाईल प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. फेब्रुवारी २०२३ च्या संपातही नव्या मोबाईलची मागणी होतीच.

या आंदोलनाला मी फार मोल देतो. एकट्या ताईने तक्रार केली असती तर “तुम्हाला वापरता येत नाही” हे ठरलेलं वाक्य तिला ऐकावं लागलं असतं, आणि कदाचित तिलाही ते पटलं असतं. त्यांनी रॅम किती, ॲप काय मागतंय, हे नेमकं बोलून दाखवलं. दोष जिथला तिथे गेला. केंद्रचालकांनी, तलाठ्यांनी, ग्रामपंचायतीच्या संगणक परिचालकांनी हेच करावं. मशीन अडलं की वेळ लिहा, टास्क मॅनेजरच्या स्क्रीनचा मोबाईलवर फोटो काढा, कुठल्या पानावर अडलं ते नोंदवा. “साइट चालत नाही” या तक्रारीला कुणी धूप घालत नाही. “अमुक पान उघडल्यावर ब्राउझर ९०० एमबी घेतो आणि आमच्या मशीनमध्ये २ जीबीच आहे” याला उत्तर द्यावं लागतं. आणि सरकारने सॉफ्टवेअर बनवून घेताना करारातच लिहावं की ते खेड्यातल्या सर्वात कमकुवत मशीनवर, आहे त्या नेटवर, ताब्यात घ्यायच्या आधी चालवून दाखवायचं. जिल्ह्याच्या ठिकाणच्या वातानुकूलित खोलीत चाललं, हा पुरावा धरू नये.

राहता राहिला प्रश्न या मशीनांचं पुढे काय. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ साधारण २०१८ पूर्वीच्या बहुतेक मशीनांवर रीतसर चढत नाही. म्हणून धडधाकट मशीनं भंगारात जाऊ लागली आहेत. मला ते बघवत नाही. फिरती डिस्क काढून एसएसडी बसवा: विखुरलेली माहिती उचलण्यात ती साधारण शंभरपट जलद असते, म्हणजे मघाशी सांगितलेला हेलपाटा पार आखडतो. रॅमची दुसरी खाच रिकामी असेल तर ती भरा. शाळेतल्या, वाचनालयातल्या मशीनवर हलकं लिनक्स टाका. केरळच्या सरकारी शाळा कैक वर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात. सेवा केंद्रात मात्र सावध राहा, अंगठ्याच्या यंत्राचं सॉफ्टवेअर बहुतेक विंडोजसाठीच मिळतं. तिथे सुरक्षेचे अपडेट बंद झालेल्या मशीनवर लोकांचे आधार आणि बँकेचे तपशील हाताळणं योग्य नाही. ते मशीन टायपिंगला ठेवा आणि लोकांच्या कामाला दुसरं घ्या.

संयोजकांना मी आधीच विनंती केली होती की ज्यांच्याकडे अडणारी मशीनं आहेत त्यांनी ती घेऊन यावीत. बाहेर वऱ्हांड्यात तीन-चार कॅबिनेट आणि एक लॅपटॉप दिसतोय. स्क्रू-ड्रायव्हर, ब्रश आणि दोन बटणसेल माझ्या पिशवीत आहेत. प्रश्नोत्तरं तिथेच घेऊ. अंगणवाडीच्या ताई, केंद्रचालक आणि शाळेतली मुलं पुढे या. आधी झाकण उघडून पंखा साफ करू, मग मशीन चालू करून टास्क मॅनेजर बघू.